मामू शेवटच्या पानापासून वाचायचे

रेडियमवाले मामू कुठलंही पुस्तक मागून उघडायचे. त्यांची शाळा चौथीपर्यंत, तीही उर्दू, जिथं पुस्तक उजवीकडून सुरू होतं. त्यामुळं पुस्तक हातात आलं की अंगठा आपोआप शेवटच्या पानावर जायचा, मग पुस्तक मराठी असो की हिंदी. नवं कॅलेंडर दिलं तरी आधी डिसेंबर बघायचे. शेवट बघून झाला की मान हलवून म्हणायचे, "अच्छा, असं झालं व्हय!" आणि मग निवांत पुढून सुरुवात करायचे.

उमरग्यात हायवेला लागून त्यांचं पत्र्याचं शेड होतं. ट्रकमागं पोराबाळांची नावं, मोटारसायकलवर वाघ, गरुड, जे मागाल ते रेडियममधून कापून द्यायचे. सगळं हातानं, एका ब्लेडवर. आमच्या कॉलेजच्या गेटवर सावली नव्हती आणि मामूंच्या शेडपुढं मोठा लिंब होता, म्हणून आम्ही पोरंपोरी गाड्या तिथंच लावायचो. मी मुरुमजवळच्या गावातून स्कुटीवर यायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी तेव्हा कुणी न विचारता सांगायचे, आताही सांगते.

मामूंचा एक नियम होता. नाव कुणाचंही कापतील, पण चित्र हवं असेल तर त्या चित्राची गोष्ट शेवटपर्यंत सांगायची. एकदा एकजण मोबाइलवर कुठलंसं दात विचकलेलं तोंड घेऊन आला.

"ह्ये कोण?" मामूंनी विचारलं.

"काय म्हाईत मामू, पण लई भारी दिसतंय."

"तुझा सासरा बी भारी दिसतोय. त्याचं लावू?"

तो गपगुमान नाव कापून घेऊन गेला, बायकोचं.

मी शेवटच्या वर्षाला होते तेव्हा सगळ्या कॉलेजला काळ्या हातोड्याचं याड लागलं. काळा हातोडा म्हणजे कॉमिकमधला बुरखाधारी बाबा. पोलीस नको, कोर्ट नको. दिसला गुन्हेगार की घाल डोक्यात. त्याच्यावरची सिरीज हिंदीत मोबाइलवर आली होती. पोरांच्या स्टेटसला हातोडा, वह्यांवर हातोडा. मलाही तो आवडायचा. बसमध्ये मुद्दाम धक्के देणारे, रस्त्यात आडवे उभे राहणारे, या सगळ्यांवर तो एकटाच इलाज आहे असं मला मनापासून वाटायचं. मी स्कुटीच्या तोंडावर हातोडा लावायचा ठरवला.

मामू म्हणाले, "गोष्ट सांग."

मी सांगितली. घरच्यांना मारलं, मग त्यानं हातोडा उचलला, वगैरे.

"आन शेवट?"

सिरीजमध्ये कॉमिकच्या पाच पुस्तकांपैकी दोनच आली होती. मी ठोकून दिलं, "शेवटी तोच जिंकतो."

मामूंनी चष्मा कपाळावर घेतला. पाचही पुस्तकं त्यांनी स्टँडजवळच्या रद्दीवाल्याकडून आणून केव्हाच वाचली होती, आणि तीही उलटी, हे मला कुठं माहीत! "बेटी," ते म्हणाले, "लिवणाऱ्यानं त्याला भ्या दाखवायला लिवलंय, आन तुमी लोक त्याला जावई करून घ्यायलाव." तरी त्यांनी हातोडा कापला. काळा, दांड्याला लाल किनार. चिकटवून झाल्यावर वर हात फिरवत म्हणाले, "काढायचा झाला की माज्याकडंच ये."

मला राग आला. चौथी शिकलेला माणूस मला गोष्ट शिकवणार? मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला!

हातोडा लागला आणि पंधरा दिवसांत मला गुन्हेगार सापडला. मी सकाळी लावलेली स्कुटी दुपारी वेगळ्याच जागी असायची. आरसे फिरवलेले. एक दिवस तर डावा आरसा तडकलेला. मी पाळत ठेवली आणि चोर पकडला: दिगंबर. आमच्याच वर्गातला, मामूंच्या शेडमागं खोली करून राहणारा. माझ्या स्कुटीचं हँडल धरून उभा होता. कधी बोलला नाही, मान खाली घालून चालायचा. असलेच आतल्या गाठीचे असतात, मी मनात म्हटलं. काळ्या हातोड्याला एवढा पुरावा भरपूर व्हायचा, मलाही झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या मोटारसायकलच्या दोन्ही चाकांची हवा सोडली. नुसती हवा सोडून समाधान होईना, म्हणून व्हॉल्व्हच्या पिना काढून शेजारच्या बाभळीच्या झुडपात भिरकावल्या. स्कार्फमधून मी डोळे तेवढे उघडे ठेवले होते. काय रुबाब वाटला म्हणून सांगू!

स्कुटी काढणार तोच दिगंबर पिशवी घेऊन पळत आला. चाकं बघितली आणि वाकून व्हॉल्व्ह चाचपले. पोलीस भरतीसाठी त्याला चार वाजता धाराशिवला उंची-छाती मोजायला हजर राहायचं होतं. एकदा नाव पुकारलं आणि माणूस नसला की संपलं. एसटी दहा मिनिटांपूर्वी गेलेली. पंक्चरवाल्यांची दुकानं त्या दिवशी आठवडी सुट्टीमुळं बंद.

मामू शेडच्या दारात उभे होते. हातात ब्लेड, नजर माझ्यावर. त्यांनी सगळं पाहिलं होतं. मी वाट बघत होते, आता सगळ्यांसमोर माझं नाव घेणार. ते एवढंच म्हणाले, "बेटी, एसटी नळदुर्गला च्यापाण्याला थांबती. गाडी काढ."

"मी? त्याला मागं बसवून? हायवेनं? लोक काय म्हणतील मामू?"

"लोकांचं मी बघतो. तू रस्त्याकडं बघ."

निघालो. समोर हातोडा, मध्ये स्कार्फ बांधलेली मी आणि मागं पिशवी छातीशी धरून, मला नखही लागणार नाही इतका मागं सरकलेला भावी पोलीस. प्रत्येक स्पीडब्रेकरला वाटायचं, पडला हा! ट्रकवाले वळून वळून बघत होते. मग मागून आवाज आला, "ताई, एक सांगायचं हुतं. रागवू नगा."

"सांगा."

"तुमचा आरसा माझ्याच हातानं फुटला. दुपारी लिंबाची सावली सरकती, तुमची गाडी उन्हात ऱ्हाती. सीट तापून तुमाला चटका बसू ने म्हणून मी रोज सरकवायचो. त्या दिवशी आरसा माझ्याच गाडीला घासला. नवा आणलाय, खोलीवर हाय. पण बोलायचं कसं, म्हणून…"

मला पुढचा रस्ता दिसेना. स्कार्फमध्ये घामानं जीव गुदमरला होता, पण तोंड उघडं करायची हिंमत होत नव्हती.

नळदुर्गला एसटी उभीच होती, कंडक्टर शेवटचा घोट घेत होता. दिगंबर पळत जाऊन दारात चढला. गाडी हलली तेव्हा मी स्कार्फ खाली ओढला आणि बाजूनं पळत ओरडले, "हवा मीच सोडली होती! मीच!"

तो दांडा धरून माझ्याकडं वाकला. मग म्हणाला, "आधी इचारायचं हुतं की!" आणि एसटी थोडी पुढं गेल्यावर खिडकीतून डोकं काढून, "पिना कुठं टाकल्या?"

"बाभळीत!"

सगळी एसटी हसली. तोही.

मी परत आले तेव्हा मामूंनी पाचवं पुस्तक स्टुलावर काढून ठेवलं होतं, मागची बाजू वर करून. मी शेवटचं पान उघडलं. हातोड्याच्या दाराशी रोज कुणीतरी जेवणाचा डबा ठेवून जायचं. पाळतीवर असलेला कुणी समजून त्यानं त्या डबा ठेवणाऱ्यालाच मारलेलं. शेवटच्या चित्रात तो मांडीवर डबा घेऊन बसलाय, बुरखा काढून. आत म्हाताऱ्यासारखा चेहरा.

"मामू, काढा हे," मी स्कुटीकडं बोट केलं.

"मी न्हाय काढत. मी लावतो." त्यांनी मला गरम पाण्यात भिजवलेलं फडकं आणि रॉकेलची बाटली दिली. लावायला पाच मिनिटं गेली होती, काढायला अंधार पडेपर्यंत बसले. नखं फुटली. मामू शेजारी बसून एका ट्रकसाठी 'आईची कृपा' कापत होते. एकदाच बोलले, "चौथी शिकलेल्या माणसाकडं नेलकटर बी हाय, पायजे का?" म्हणजे माझ्या मनातलं तेही त्यांनी वाचलं होतं.

दिगंबर चारच्या आत पोचला. मापात बसला, पळण्यात मागं पडला, पुढच्या भरतीत लागला. आता नाक्यावर उभा असतो आणि कुणाचीही गाडी अडवली की आधी विचारतो, मग लिहितो. मी त्याला चिडवते, तोही मला सोडत नाही.

माझा निकाल लागला तेव्हा मामूंनी न मागता कापलं: 'वैशाली, बी.ए.' आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, लाजले. "मामू, गाडीवर डिग्री कोण लावतंय का?"

"अण्णा, नावं लई कापली. ही चीज पहिल्यांदाच कापायला मिळाली, नक्को म्हणू नका."

हातोडा खरवडताना तिथल्या रंगाची चमक गेली होती, त्यामुळं त्याची आकृती उमटून राहिली होती. अक्षरं त्यावर बसवा म्हटलं तर ऐकलं नाही, शेजारी लावली. "ते बी तुजंच हाय," म्हणाले.

पुढं हात थरथरायला लागला, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. बाजूला कॉम्प्युटरवर रेडियम कापणारं दुकान आलं. तिथं गोष्ट विचारत नाहीत. मामू लेकीकडं बिदरला गेले. जाताना पाचवं पुस्तक माझ्या हातात दिलं. वाचलेलंच होतं, म्हणून मी ते तसंच कपाटात ठेवलं.

यंदा बिदरहून दिगंबरला फोन आला, मामू गेले. त्या संध्याकाळी मी पुस्तक काढलं. आता माझाही अंगठा आधी मागंच जातो. शेवटच्या पानावर, डबा घेऊन बसलेल्या त्या माणसाखाली, लाल रेडियमच्या पट्टीनं चिकटवलेल्या दोन पिना होत्या. व्हॉल्व्हच्या.

तांदळाएवढ्या त्या पिना, तसल्या नजरेनं, त्या काट्यांत मामूंनी कधी शोधल्या आणि किती दिवस शोधल्या, हे विचारायचं राहिलं.