तलंगांचा बाप

आमच्या कोंबडी मंडळाच्या हॉलमध्ये गेल्या महिन्यात विल्फ टॅटरसॉलचा फोटो लावला. सोनेरी चौकट आणि खाली पितळी पट्टी: 'सोनेरी हॅम्बर्ग वाणाचा राखणदार'. मी चहाची मोठी किटली घेऊन आत येत होते. ते वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. राखणदार म्हणे! कुंपणानेच शेत खाल्लं, आणि आता कुंपणाचा सत्कार! याच हॉलमध्ये एनिड ऑर्मरॉड त्याला काय म्हणाली ते ऐकलेली आम्ही मोजकी माणसं अजून जिवंत आहोत. बाकीचे तोंडात बिस्किट धरून गप्प बसले. मी बसणार नाही.

मी तिला आंटी एनिड म्हणायचे. नात्यातली नव्हती, पण आमच्या क्लफशॉ गावात शेजारची मोठी बाई आंटीच असते. आमचं तळलेल्या माशांचं दुकान, आणि मागच्या भिंतीपलीकडे तिचं परसू. शाळा सुटल्यापासून गिरणी बंद होईपर्यंत ती मागावर उभी राहिली. मागांच्या खडखडाटात कान अर्धे गेले, पण गिरणीतल्या सगळ्या बायकांसारखी ती ओठांवरून बोलणं वाचायची. रस्त्याच्या पलीकडे कुणी तिच्याबद्दल कुजबुजलं, तर अलीकडून उत्तर यायचं. लग्न केलं नाही. "नवऱ्याला कितीही दाणे टाका, अंडं थोडंच देतोय?" असं म्हणायची आणि स्वतःच मोठ्याने हसायची.

तिच्याकडे होत्या त्या आईकडून आलेल्या सोनेरी हॅम्बर्ग कोंबड्या. आता हे नीट ऐका, कारण सगळं भांडण इथेच आहे. या वाणाची कोंबडी कशी हवी, तर अंगभर सोनेरी आणि प्रत्येक पिसावर आडव्या बारीक काळ्या रेघा, टाकाने ओढल्यासारख्या. कोंबडा मात्र हवा साध्या सोनेरी अंगाचा, काळ्याभोर शेपटीचा. रेघ दिसली की तो बाद. आणि गंमत अशी, की एकाच जोडप्यापासून दोन्ही मिळत नाही. म्हणून जुनी माणसं दोन घराणी वेगळी पाळायची. एक देखण्या नरांचं, त्यातल्या माद्या डागाळलेल्या. दुसरं देखण्या तलंगांचं, म्हणजे तरण्या माद्यांचं, आणि त्यांचा बाप असा, की बघून हसू यावं. अंगावर फिसकटलेल्या रेघा, शेपटी गंजलेल्या पत्र्याच्या रंगाची.

आंटीचं घराणं तलंगांचं. तो कुरूप कोंबडा परसाच्या टोकाला असायचा, आणि पाहुणे आले की त्याच्या जाळीवर पोतं पडायचं. तिची आईही तसंच करायची. "देखण्या पोरींचा बाप चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसवायचा नसतो," आंटी म्हणायची, "पण म्हणून घराबाहेरही काढायचा नसतो."

विल्फ टॅटरसॉल आमचा खाटीक आणि मंडळाचा अध्यक्ष. दुकानाच्या काचेत सॉसेजच्या माळा आणि त्यांच्यामध्ये त्याचे चांदीचे कप. त्याच्याकडे नरांचं घराणं, आणि ते चांगलं होतं, खोटं कशाला बोलू? पण कप वाढले तशी त्याची अक्कलही वाढली, असं त्याला वाटायला लागलं. दोन घराणी पाळणं म्हणजे लबाडी, जो प्रदर्शनाच्या पिंजऱ्यात जिंकतो त्यानेच वंश चालवावा, असं तो प्रत्येक सभेत टेबल आपटून सांगायचा. माना हलायच्या. आंटी त्याच्यापेक्षा मोठी, तरी तिला तो 'पोरी' म्हणायचा. मला तेव्हाच त्याच्या टकलावर गरम तेल ओतावंसं वाटायचं.

मग आंटीचं खुब्याचं हाड गेलं. ऑपरेशन ठरलं ते नेमकं वसंताच्या तोंडावर, अंडी उबवायला बसवायच्या दिवसांत. माझ्या घरी तेव्हा सासू अंथरुणाला खिळलेली. समोर राहणारा विल्फ स्वतःहून पुढे आला. माझ्या दुकानातच बोलणं झालं.

"दाणे आणि पाणी," आंटी म्हणाली. "दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही. जे जिथे आहे ते तिथेच राहू दे."

"अगं पोरी, मी काय आज कोंबड्या बघतोय?"

"म्हणूनच सांगतेय."

ती परत आली ती कुबड्यांवर. मी तिला गाडीतून उतरवलं. ती घरात गेलीच नाही, तडक परसात. टोकाची जाळी रिकामी. मधल्या मोठ्या जाळीत तिच्या कोंबड्यांमध्ये विल्फचा अजिंक्य कोंबडा छाती काढून फिरत होता, सासरी आलेल्या जावयासारखा.

विल्फ धावत आला, हात पुसत, चेहऱ्यावर हसू. त्याला शाबासकी हवी होती हो! तेच मला अजून सहन होत नाही.

"बघ, तुझ्यासाठी काय केलंय! माझा सर्वांत चांगला नर दिलाय तुला. फुकट. आता तुझ्याकडे दोन्ही सुंदर निपजतील."

"माझा कुठे आहे?"

"तो होय? त्याची मान पिरगळली. रविवारी बटाट्यांबरोबर शिजवला. चिवट निघाला, काय सांगू!"

आंटी रडली नाही. तिने फक्त विचारलं, "अंडी?"

"दुकानात ठेवली. हातोहात गेली."

म्हणजे सगळ्या गावाने तिच्या आईचं घराणं पावावर घालून खाल्लं होतं. आणि मग गाव काय म्हणालं ठाऊक आहे? "एवढा कपवाला कोंबडा दिला त्याने, आणि बाई तोंड वाकडं करते." चोर सोडून संन्याशाला फाशी! पोस्टातल्या बाईने तर मला तोंडावर सांगितलं, "कोंबडाच तर होता." मी तिला तळलेला मासा द्यायचा बंद केला.

पण त्या दिवशी परसात विल्फनेच एक तक्रार केली, आणि तिथे सगळं फिरलं. "तुझी ती म्हातारी कोंबडी, मॉड, चेटकीण आहे. माझा कोंबडा आत सोडला, त्याने एक पाऊल टाकलं नाही तोच तुऱ्यावर झडप. तिला त्याच्या वाऱ्यालाही उभं केलं नाही मी. तेव्हापासून कोळशाच्या खोलीत कोंडलीय."

आंटीने त्याच्या ओठांकडे बघितलं, कानांवर विश्वास नसल्यासारखं. "एकदाही जवळ आला नाही?"

"मी मूर्ख आहे का? तुरा फुटला असता तर!"

"आणि तिची अंडी?"

"कोळशात लोळलेली, काळी. ती कोण विकत घेणार? तिथेच पडलीत."

"कोंबडा ने तुझा," आंटी म्हणाली. "त्याचा काही दोष नाही. ने आणि फाटक लावून घे."

तो गेल्यावर ती मला म्हणाली, "डोरीन, नर मेला तरी मादीच्या पोटात त्याचं बी आठवडाभर तरी टिकतं. कोळशात हात घाल."

मी कोपरापर्यंत काळी झाले. पण हॅम्बर्ग कोंबडी खुडूक होत नाही, अंड्यांवर बसायचं तिला ठाऊकच नाही. माझ्याकडे एक सरमिसळ तांबडी होती, दाराच्या मुठीवरही बसली असती. आयुष्यभर आंटीने संकराचं पीसही फाटकातून आत येऊ दिलं नव्हतं. आता कुबड्या टेकत तीच माझ्या दारात आली. "तुझी ती भटकभवानी दे," म्हणाली. मी टोपलीसकट दिली.

बरीच अंडी वांझ निघाली. दोन पिल्लं जगली. एक तलंग, एक नर. उन्हाळा सरता सरता नराच्या अंगावर फिसकटलेल्या रेघा उमटल्या आणि शेपटी गंजली. मी आयुष्यात इतकं कुरूप काही इतक्या आनंदाने बघितलं नव्हतं. मी जुनं पोतं शोधायला लागले, तर आंटी म्हणाली, "राहू दे. पोतं घातलं तिथेच चुकलं. ज्याला कधी कुणी बघितलंच नाही, त्याची मान पिरगळायला काय लागतं?"

शरद ऋतूतलं प्रदर्शन आलं. विल्फ त्या वर्षी स्वतःचे पक्षी न मांडता परीक्षक झाला होता. पांढरा कोट, हातात छडी. पिंजऱ्यांवर फक्त आकडे असतात, मालकाचं नाव नसतं. आंटीकडे आता काही उरलं नाही, अशी त्याची खात्री होती. मी चहा ओतत होते, पण डोळे तिकडेच. एका तलंगेपाशी तो थांबला. बाहेर काढली, पंख उलगडला, पिसांवर फुंकर घातली, पुन्हा उलगडला. तिच्या कार्डावर पहिला क्रमांक लिहिला. मग शेजारच्या पिंजऱ्यातला कोंबडा बघून तो मागे सरला, आणि चिटणिसाच्या कानाशी लागला. त्या कोंबड्याच्या कार्डावर लिहिलं: 'रंग साफ चुकीचा.'

हॉलच्या दुसऱ्या टोकाहून त्याचे ओठ बघत असलेल्या आंटीचा आवाज आला. मागावरचा आवाज. "गटारातला नाही रे, विल्फ. माझ्या परसातला आहे."

सगळे वळले. ती काठी टेकत आली, आणि लोक बाजूला झाले.

"ही तलंग कशी वाटली?"

विल्फचा चेहरा लाल झाला, पण पक्ष्याच्या बाबतीत तो खोटं बोलत नसे, एवढं श्रेय मी त्याला देते. "अशी रेघ मी आजवर पाहिली नाही," तो म्हणाला.

"आणि हा?"

"पोरी, हा इथे मांडायचा पक्षी..."

"तिचा सख्खा भाऊ आहे. ती कोळशातली अंडी. दोघांची आई मॉड." तिने पहिल्या क्रमांकाचं कार्ड तलंगेच्या पिंजऱ्यावरून काढलं आणि भावाच्या पिंजऱ्याला खोचलं. "बघून ठेवा सगळ्यांनी. असा दिसतो तो. पुन्हा कुणी म्हणू नका, ओळखला नाही."

कुणीतरी मागून विचारलं, "आणि यांचा बाप कुठाय?"

आंटीने विल्फच्या पोटाकडे काठी केली. "बाप याने खाल्ला. बटाट्यांबरोबर. आणि वर म्हणतो, चिवट निघाला."