उपटून दाखवायचं कुरण

तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. एका जागी बसणं त्यांना कधी जमलंच नाही. जेवतानासुद्धा एक पाय उंबऱ्याबाहेर. अशा माणसाने आयुष्यात एकदाच वाट बघायला लावणारं काही पेरलं, ते म्हणजे स्टायलो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. वरकुट्याला आमचं मुरमाड रान होतं, पिढ्यान्‌पिढ्या गुरं चारायचं. थोरले चुलते, आबा, सणसरला ऊस करायचे. पाइपलाइन येणार म्हटल्यावर हे कुरणही नांगरायचं त्यांनी ठरवलं. तात्यांनी एक पावसाळा मागून घेतला. म्हणाले, गवतात स्टायलो पेरतो. शेंगांच्या जातीची वैरण, गाईला चांगली, जमिनीलाही चांगली. नाही जमलं तर दिवाळीनंतर खुशाल नांगरा.

बी गरम पाण्यात भिजवलं, मातीत कालवलं, मारवेल गवताच्या ठोंबांमधून विस्कटलं आणि रान गुरांना बंद केलं. गुरं निमूट राहिली. तात्या राहिले नाहीत. रोपं जरा वर येताच त्यांनी एक उपटलं आणि मुळावरची गाठ नखाने फोडली. आत गुलाबी. गुलाबी म्हणजे गाठ जमिनीला खत पुरवायच्या कामाला लागली, असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. झालं! रस्त्याने माणूस दिसला की तात्या त्याला फाटकाशी उभा करत, रोप उपटत, गाठ फोडत आणि जादूगारासारखा पंजा उघडत. पोस्टमन, मुकादम, पत्रिका द्यायला आलेले पाहुणे. दूधवाल्याने तर दोनदा पाहिलं. कॉलेज संपवून मीही घरात येरझाऱ्याच घालत होतो, त्यामुळे प्रेक्षक धरून आणायचं काम मोठ्या हौसेने केलं.

काकू, म्हणजे तात्यांची बायको, एवढंच म्हणाली, "समद्या गावाला दावा. आबास्नी दावायला काय ऱ्हातंय का बघा."

दिवाळी झाली आणि आबा आले, ट्रॅक्टर सांगूनच. फाटकाशी थांबले. समोर चार खाटा मावतील एवढं टक्कल.

"हितं तर कायबी न्हाय."

"आत हाय, आबा. आत चला."

"माझं गुडघं दुखत्यात. काय असंल ते हितनंच दाव."

तात्यांचे हात नुसतेच हवेत फिरले. उपटायला काही उरलंच नव्हतं.

काकू गोठ्याकडे गेली आणि आबांची लाडकी खिलार गाय तिने सोडली. गाय टक्कल ओलांडून, वाळत आलेलं मारवेल ओलांडून मध्यावर गेली आणि तिने मान खाली घातली, ती वर काढलीच नाही.

"गवत सोडून काय खातीया ही?" म्हणत आबा गुडघ्यांसकट आत शिरले. हिरव्यागार स्टायलोत, पिवळ्या फुलांत, बराच वेळ उभे राहिले. मग मागे वळून फाटकाकडे बघितलं.

"मग दारातलं कुणी खाल्लं?"

तात्या आभाळाकडे बघायला लागले.

"पावण्यांनी," काकू म्हणाली.

आबा हसले नाहीत. मला म्हणाले, "ट्रॅक्टरवाल्याला सांगून ये. ह्ये रान नांगरायचं न्हाय."

मी सायकल काढेपर्यंत तात्या पायीच अर्ध्या वाटेवर पोचले होते.