घोसाळ्याचं वाण

“पयलंच वाण, आन् घासणी. पुढल्या वर्षी ही पोरगी राख वाटंल बघ.”

समोरच्या अक्का आमच्या पायरीवर चपला शोधता शोधता असं म्हणाल्या आणि सोबतच्या दोघी हसल्या. मी जाळीच्या दारामागं तिळगुळाचा डबा घेऊन उभी होते. त्यांना मी दिसले नाही. मी सहसा लवकर कुणाला दिसत नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही.

‘ही पोरगी’ म्हणजे माझी वहिनी. लग्नानंतरची तिची पहिली संक्रांत होती. आत सतरंजीवर ती काळी साडी नेसून, उमरग्याहून तिच्या आईनं पाठवलेले हलव्याचे दागिने घालून बसली होती. येणाऱ्या प्रत्येकीला हळदीकुंकू लावायचं, तिळगूळ द्यायचा आणि कागदात गुंडाळलेलं वाण हातात ठेवायचं, असं तिचं दुपारपासून चाललं होतं. त्या कागदात वाळलेल्या घोसाळ्याची घासणी होती. घासणीची कल्पना माझी, वेल माझा, कापणं-शिवणं माझं, कागदसुद्धा माझा. वहिनीचे होते ते फक्त हात.

कर्नाटकातल्या आमच्या आळंदमध्ये संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत रोज दुपारी कुठं ना कुठं हळदीकुंकू असतं. ज्या घरी जाल तिथून एक वस्तू मिळते. पूर्वी काय देत होते मला माहीत नाही, पण मला आठवतंय तेव्हापासून वाण म्हणजे प्लास्टिक. आमच्या ओट्याखालच्या कप्प्यात साबणाच्या डब्या होत्या, झाकणं हरवलेले डबे होते आणि सात गाळण्या होत्या. एका वर्षी सात घरांनी न ठरवता गाळणीच दिली होती. वाण आहे म्हणून आईला त्या टाकवत नव्हत्या, आणि उकळता चहा ओतला की जाळी वाकायची म्हणून वापरवतही नव्हत्या.

मी कलबुर्गीच्या इंग्रजी शाळेत शिकले. तिथं पर्यावरणावर निबंध लिहून मी दोनदा बक्षीस मिळवलं. घरात मात्र ‘हे प्लास्टिक आता बास’ असं एकदाही तोंडानं म्हटलं नव्हतं. कागदावर मला सगळं सुचतं. समोर माणूस आला की वाक्य आधी इंग्रजीत तयार होतं, मग त्याचं मराठी करेपर्यंत माणसं दुसऱ्या विषयावर गेलेली असतात.

ही घासणी मी पहिल्यांदा बघितली ती खजुरीला, मावशीकडं. मी नोकरीचं काम घरून करायला लागले त्या उन्हाळ्यात चार दिवस तिच्याकडं गेले होते. भांडी घासायच्या दगडाशेजारी भिंतीला खिळा होता आणि खिळ्याला काहीतरी पांढरट, जाळीजाळीचं टांगलेलं होतं. हे काय म्हणून विचारलं.

“घोसाळं,” मावशी म्हणाली. “म्हातारं झालं की भांडी घासतंय. माणसापरीस बरं.”

काका ओसरीवरच बसले होते. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

येताना मावशीनं मूठभर काळं बी फडक्यात बांधून दिलं. पाऊस सुरू झाल्यावर मी ते कंपाउंडच्या तारेशी लावलं. वेल तारेवर चढला, तिथून पाण्याच्या टाकीच्या पाइपावर गेला आणि श्रावणात पिवळ्या फुलांनी भरला. मग आईचं आणि माझं न बोलता भांडण सुरू झालं. तिला कोवळी घोसाळी भज्यांना हवी होती, मला ती म्हातारी व्हायला हवी होती. मी चांगली लांबट फळं पानांखाली सरकवून ठेवायची. आई ती बरोबर शोधून काढायची. शेवटी मी निवडलेल्या फळांच्या देठांना जुन्या ओढणीच्या चिंध्या बांधल्या. आईनं त्या चिंध्या बघितल्या, काही विचारलं नाही, आणि त्या फळांना हात लावला नाही. आमच्या घरात बरीचशी बोलणी अशीच होतात.

थंडी पडली तशी फळं तपकिरी झाली आणि हातात घेतली तर वजनच लागेना. हलवली की आत बी खुळखुळायचं. तेव्हा मी आईला सांगितलं की या वर्षी वाण म्हणून हे देऊ.

“वाण लुटायचं असतंय गं,” आई म्हणाली, “घासायचं नसतंय.”

पण मग तिनं मी नमुन्याला सोलून वाळवलेली एक घासणी उचलली आणि तळाला दूध लागलेलं पातेलं घेऊन बसली. पातेलं पालथं घालून म्हणाली, “बरं हाय.” आईच्या तोंडून एवढं आलं म्हणजे ठरलं.

एक अडचण होती. वाण सवाष्णीनं द्यायचं असतं. माझं लग्न झालेलं नाही, त्यामुळं मी ठरवू शकते, करू शकते, कुणाच्या हातात ठेवू शकत नाही. वहिनीची पहिली संक्रांत, तेव्हा या वर्षी सगळं तिच्या हातून, असं आईनं सांगितलं. मला खरं तर हायसं वाटलं. भेट माझी आणि समोर बसणार दुसरं कुणी, याहून सोयीचं मला काय हवं होतं?

दोन रविवार वहिनी आणि मी मागच्या अंगणात बादल्या घेऊन बसलो. भिजलेल्या घोसाळ्याचं टोक मोडायचं, साल सोलायची, बी झटकायचं, धुऊन उन्हात टाकायचं. आमच्या वेलाची घोसाळी कमी पडली तेव्हा मावशीनं पोतंभर पाठवली. वहिनी माझ्याच वयाची, पण मला मुद्दाम जुन्या पद्धतीनं ‘वन्सं’ म्हणते आणि हात चालू असताना तोंड बंद ठेवत नाही.

“वन्सं, माणसांसंगं बोलायला तुमाला जड जातंय,” ती म्हणाली, “आन् सकाळी येलासंगं तर बरं बोलत होताव.”

मी म्हटलं, मी नव्हते बोलत.

“व्हय, व्हय. येलच बोलत असंल.”

कुणाला कुठली द्यायची हे मात्र मी एकटीनं ठरवलं. बोलत नसले तरी कोण काय वापरतं, कुणाला काय दुखतं हे मला ठाऊक असतं. गप्प बसणाऱ्याला बघायला भरपूर वेळ मिळतो. कोपऱ्यावरच्या घरातल्या शिक्षिकेच्या बोटांचे सांधे सुजतात, तिला जाड काप काढला, मुठीत नीट बसेल असा. दवाखान्याच्या वर राहणाऱ्या डॉक्टरीणबाईंना अख्खं लांब घोसाळं ठेवलं, दोन्ही टोकांना दोरी लावून, पाठ घासायला. मागच्या गल्लीत तान्हं बाळ होतं, त्या घरी सगळ्यात छोटे दोन काप, बाटल्यांसाठी. आणि अक्कांसाठी मी तीन वेळा निवड बदलली. त्यांच्या घरी पितळेची भांडी आहेत, समया आहेत, दर शुक्रवारी त्या स्वतः घासतात. कडक जाळीनं ओरखडे उठले असते. सगळा ढीग चाचपून सगळ्यात मऊ, बारीक जाळीची घासणी मी त्यांच्या कागदात गुंडाळली आणि कागदावर पेन्सिलीनं छोटी खूण केली, वहिनीला ओळखू यावी म्हणून.

त्याच अक्का पायरीवर राखेबद्दल बोलून गेल्या.

अक्का वाईट नाहीत. आळंदला तुरीचा व्यापार करणारं त्यांचं घर, घरात कन्नड, आमच्याशी मराठी, आणि दोन्ही भाषांत त्यांना गप्प बसता येत नाही. माझ्या आईच्या आजारपणात पंधरा दिवस त्यांच्याकडून भाकरी आली होती. पण गल्लीत कुठल्या गोष्टीला हसायचं हे त्याच ठरवतात, आणि त्या वर्षी त्यांनी घासणी ठरवली.

पुढच्या आठवड्यात ते बोलणं घरोघर फिरलं. आईला ते पिको-फॉलच्या दुकानात ऐकू आलं. आता त्याला नवीन शेपूट लागलं होतं: उमरग्याकडं अशीच रीत असेल, हात आखडताच असतो त्या लोकांचा. आईनं घरी येऊन ते सांगितलं नाही; हे शेपूट आम्हाला पुष्कळ नंतर कळलं. जेवताना फक्त म्हणाली, “पुढल्या साली स्टीलच्या वाट्या आणू.” वहिनीनं ताटातली भाकरी मोडली आणि कोशिंबीर छान झालीय म्हणाली.

एक शब्द बोलून ती सुटू शकली असती. वन्संनी ठरवलं, एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यापाशी मी तिला विचारलं की तू सांगत का नाहीस.

“सांगितलं असतं तर तुमी आठ दिस खोलीच्या भाईर आला नसताव,” ती म्हणाली. “माझं काय, मी नवी हाय. नव्या सुनंला नावं ठेवत्यातच. घासणीला ठेवली त्ये बरं, माझ्या सयपाकाला न्हाई ठेवली.”

मी हसले. पण ते काही मला गिळवलं नाही. ती विनोद करून माझं ओझं उचलत होती, आणि मी ते उचलू देत होते.

गंमत म्हणजे कौतुकही तिच्याच वाट्याला आलं. कोपऱ्यावरच्या शिक्षिका एका दुपारी आल्या आणि आणखी एक घासणी आहे का, तेवढीच जाड, म्हणून वहिनीला विचारू लागल्या. बोटं वळवावी लागत नाहीत म्हणाल्या. “तुझ्या बरं लक्षात आलं बाई माझ्या हाताचं.” मी आतल्या खोलीत लॅपटॉपसमोर बसून ऐकत होते. इतका आनंद मला त्या निबंधांच्या बक्षिसांनी झाला नव्हता. आणि बाहेर जाऊन ‘ते माझ्या लक्षात आलं होतं’ असं म्हणायला पाय उठले नाहीत. वहिनी मात्र मोठ्यानं म्हणाली, “आमच्या घरात एकीला सगळं दिसतंय.” शिक्षिकांना वाटलं ती देवीबद्दल बोलतेय. त्यांनी नमस्कार केला.

त्या आठवड्यात अक्का मला दोनदा भाजीच्या गाड्यावर भेटल्या. दोन्ही वेळा मी घरून वाक्य जुळवून नेलं होतं. दोन्ही वेळा मी मेथीची जुडी घेऊन परत आले.

आता वहिनी आणि अक्का उन्हाळ्यात गच्चीवर मिळून पापड लाटतात आणि एकमेकींच्या लाटण्याला नावं ठेवतात, म्हणून हे सगळं मला निवांत बसून लिहिता येतंय. घासण्यांचा वेलही दर वर्षी येतो, आता लावावाही लागत नाही. पण तेव्हा मला रात्रंदिवस एकच वाटत होतं, की माझ्या गप्प बसण्यामुळं या मुलीचं या गल्लीत कायमचं एक नाव पडेल, आणि ते ती हसत हसत आयुष्यभर वागवेल.

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी अक्कांच्या घरी हळदीकुंकू होतं. सोप्यात पंधरा-वीस बायका होत्या. आई आणि वहिनी भिंतीपाशी बसल्या, मी उंबऱ्याजवळ लग्न न झालेल्या मुलींच्यात. वाणाला गुलाबी फुलांचे प्लास्टिकचे डबे होते, एकावर एक रचलेले. अक्का एकेकीला कुंकू लावत, गुलाबपाणी शिंपडत, चेष्टा करत पुढं सरकत होत्या. वहिनीपाशी आल्या. तिच्या कपाळाला कुंकू लावलं, ओटीत डबा ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “घे बाई. तुझ्या म्हायेरात घासणीवर भागवत असतील. आमच्याकडं डबा असतोय.”

बायका हसल्या. वहिनीही हसली, रोजच्यासारखी. पण मी तिच्याकडं बघत होते. पदर सारखा करायला उचललेला तिचा हात खांद्यापाशीच थांबला होता आणि कान लाल झाले होते. जोवर ते सगळं तिच्याबद्दल होतं, तोवर तिनं चालवून घेतलं. हे तिच्या आईबद्दल होतं. माझी आई मान खाली घालून हातातल्या बांगड्या फिरवत होती.

मला वाक्य तयार करायला वेळ मिळाला नाही. इंग्रजीत आलं नाही, पुस्तकातल्या मराठीत आलं नाही. आमच्या घरात बोलतात तेच बोलणं, जे मी बाहेर कधी वापरत नाही, तेच तोंडातून गेलं.

“अक्का, त्ये वाण वहिनीचं न्हवतं. माझं व्हतं.”

अक्का वळल्या. खोलीतल्या सगळ्याच वळल्या. एवढ्या बायकांनी एकदम माझ्याकडं बघितल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

“तुझं?” अक्का म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नवलच जास्त होतं. “आन् इतके दिस तू बघत बसलीस व्हय गं? मला कामून सांगितलं न्हाईस?”

“धीर झाला न्हाई, अक्का,” मी म्हटलं. “येल मी लावला, घासण्या मी कापल्या, तुमच्या पितळंला वरखडे पडू न्हाईत म्हणून मऊ बघून तुमची बाजूला काढली ती बी मीच. वहिनीनं सगळं ऐकून घेतलं, पण माझं नाव घेतलं न्हाई. मला काय बोलायचं त्ये बोला. तेवढं तिच्या म्हायेराबद्दल बोललेलं माघारी घ्या.”