अक्कांचं बेस्ट

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या स्टाफरूममध्ये डबा उघडून बसले होते. डब्यात भाकरी आणि गेल्या उन्हाळ्यातली चटणी. पुतण्या एवढंच म्हणाला, "काकी, आई गेली..." मी डब्याचं झाकण लावलं आणि तो तसाच घरी नेला. त्याला आता पाच आठवडे झाले.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. माहेर नेसरीचं, शिक्षण सातवी. मी पेठ वडगावची, बी.एड. होऊन कोल्हापुरात या घरी आले आणि इंग्रजी शिकवू लागले. लग्नाच्या पहिल्याच वर्षी गल्लीतली पोरं संध्याकाळी शिकवणीला यायची. एकदा मी त्यांना गुड, बेटर, बेस्ट समजावत होते. बेस्ट म्हणजे ज्याच्या वर काही नाही ते, असं सांगितलं. अक्का आत मिरच्यांची देठं काढत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "म्हंजे हे जपून वापराय पायजे की गं. उठसूट वाटलं तर ऱ्हायलं काय त्यात?" चहा बेस्ट, फोटो बेस्ट, न्हाव्यानं कापलेले केसही बेस्ट, असं आपण दिवसभर म्हणतो. मीही म्हणते. अक्कांनी मात्र तो शब्द पिठाच्या डब्यात दागिना लपवावा तसा ठेवून दिला.

त्या वर्षापासून माझ्या चटणीला मार्क मिळू लागले. आमच्याकडे वर्षाची कांदा-लसूण चटणी उन्हाळ्यात होते. मसाला मी भाजायचा, मिरची कांडायला डंकावर, म्हणजे कांडपाच्या गिरणीत, दोघींनी जायचं आणि भाजलेलं खडेमीठ तिथंच सगळ्यात शेवटी अक्कांनी आपल्या हातानं घालायचं, ही रीत. घरी आलं की त्या स्वयंपाकघराच्या दाराशी पाटावर बसत, गरम भाकरीच्या चतकोराला चटणी लावत आणि डोळे मिटून खात. "गुड हाय." बावीस वर्षं बहुतेक हेच. दोनदा "बेटर" मिळालं. एका वर्षी कांदा करपला होता, तेव्हा नुसतं तांब्याभर पाणी प्यायल्या. मी पोरांच्या वह्यांवर मार्क देणारी बाई, पण त्या पाटासमोर मीच निकालाची वाट बघत उभी राहायचे. पन्नाशीला टेकलेल्या बाईनं एका शब्दासाठी झुरावं, हे हसण्यासारखंच आहे. पण मी झुरत होते.

गेल्या वर्षी अक्का म्हणाल्या, "गुडघं लई दुखत्यात, तूच जाऊन ये." मी एकटी मोपेडवरून गेले. डंकावर ही गर्दी. घाईघाईत कांडून आणलं आणि परात त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी चतकोर खाल्ला. या वेळी डोळे मिटले नाहीत, माझ्याकडेच बघत होत्या.

"बेस्ट," म्हणाल्या.

मला रडू आलं, म्हणून मी आत पळाले. रात्री जेवताना नवऱ्यानं विचारलं, "मीठ विसरलीस की काय?" जाऊन बघते तर मिठाची पुरचुंडी मोपेडच्या डिकीत जशीच्या तशी.

मग मला राग आला. वर्गातल्या कच्च्या पोराला ढकलपास करतात तसं यांनी मला केलं, असं वाटलं. बावीस वर्षं जपलेला शब्द आणि दिला तो असा तोंडदेखला... दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता चटणीत मीठ कालवलं आणि अक्कांशी कामापुरतं बोलू लागले. त्या ताटात अर्धी भाकरी टाकून उठायच्या. मला ती दिसत होती. मला वाटलं, मी बोलत नाही म्हणून रुसल्यात. रुसू देत, म्हटलं.

पावसाळ्यात त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "तोंडाला चव कधीपासून नाही?"

"शिमग्यापास्नं," अक्का म्हणाल्या.

मी फाईल धरून शेजारी उभी होते. शिमगा चटणीच्या आधी येतो. यांना दोन-तीन महिने आधी आणलं असतं तर बरं झालं असतं, असं डॉक्टर नंतर बाहेर म्हणाले. ते वाक्य माझ्यासोबत घरी आलं ते आलंच.

एका दुपारी वॉर्डात दोघीच होतो. मी विचारलं, "अक्का, चव लागत नव्हती, तर बेस्ट का म्हणालात?"

"जिभंला काय बी कळंना," त्या म्हणाल्या. "म्हटलं, इतकी वर्सं करतीया. आता ही काय चुकतीया व्हय?"

तेव्हाच सांगायचं होतं. मी त्यांना कोमट पाणी पाजलं आणि उशी नीट केली. मीठ राहिल्याचं शेवटपर्यंत सांगितलं नाही. खरं बोलायचं तर, दिलेला शब्द त्या परत घेतील याची मला भीती वाटली... त्यांचं दुखणं एवढं मोठं, आणि मला माझ्या मार्कांची काळजी.

परवा यंदाची चटणी केली. मीठ भाजलं, डंकावर आठवणीनं माझ्या हातानं घातलं. नवरा चाखून "बेस्ट" म्हणाला; तो नळ दुरुस्त करणाऱ्यालाही बेस्ट म्हणतो. तो बाहेर गेल्यावर मी भाकरीचा चतकोर घेतला. पाट दाराशीच आहे, अजून कुणी उचललेला नाही. त्याच्यासमोर खाली बसून चव घेतली. मीठ बरोबर होतं.

"अक्का," मी म्हणाले, "गेल्या वर्षी मीठ राहिलं होतं."