कमी माह्यात हाय

“कमी माह्यात हाय, इच्यात नाही.”

मोताळ्यात आमच्या शेजारी राहणारे लाईनमनभाऊ हे वाक्य अंगठा स्वतःच्या छातीला टेकवून म्हणायचे. कोणी ‘लेकरंबाळं?’ असं विचारलं, की नावगाव सांगावं तसं सांगायचे. विचारणाराच खाली पाहायचा.

अशा गोष्टी झाकणारी घरं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याही घरात बरीच वर्षं झाकलेलंच होतं. उपास, काढे, टोमणे, सगळं एकट्या वहिनींच्या वाट्याला. मग बुलढाण्याच्या डॉक्टरांनी भाऊंची तपासणी केली. वीर्यात शुक्राणूच नव्हते. घरी येऊन त्यांनी आईला सांगितलं. तरी म्हातारी दुसऱ्या बायकोचं काढायचीच.

“दुसरी आणली तरी नवरा मीच असन ना, माय?”

त्याच सुमारास गल्लीत बारसं होतं. बाळ पाळण्यात घालायला एकेका सवाष्णीला बोलावत होते. वहिनींचा नंबर आला, तशी यजमानीणबाईंनी पुढचीला हाक मारली. वहिनी कोपऱ्यात सरकल्या. भाऊ पंगतीत वरण वाढत होते. त्यांनी बादली खाली ठेवली.

“काकू, रिपोर्ट माहा खराब हाय. वगळाचं असन तर मले वगळा. मी जेवत नाही आज.”

बाळाच्या आईनेच उठून बाळ वहिनींच्या हातात दिलं. भाऊ पुन्हा वरण वाढू लागले.

पुढे उपचार सुरू झाले. आमच्या अंगणात चहा पिताना ते माझ्या यजमानांना समजावून सांगायचे, “डॉक्टर सुईनं माह्या अंगातून बी शोधून काढते, अन् इच्या अंड्यात टोबते. आपण वावरात एकेक सरकी टोबतो ना, तसं.” यजमान नुसते कपात पाहत राहायचे.

दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा बी रुजलं नाही. दुसऱ्या खेपेनंतर मी डबा घेऊन गेले, तर वहिनी ओट्यावर बसलेल्या.

“सुया मले, भूल मले, अन् आत रडून राह्यले हे,” त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी दात्याचं बीज सुचवलं होतं. भाऊ तयार होते. वहिनी म्हणाल्या, “नाही. आता माहं शरीर मले वापस पाहिजे.”

दुसऱ्या दिवशी भाऊंनी गल्लीला सांगून टाकलं, “बंद केलं. हरलो म्हणून नाही. इनं म्हटलं म्हणून.”

तोवर त्यांची कीर्ती पसरली होती. ते खांबावर चढलेले असताना एखादा तरुण खाली येऊन हळूच डॉक्टरांचा पत्ता विचारायचा. वरून आवाज यायचा, “काऊन कुजबुजून राह्यला बे? मोठ्यानं बोल. चोरी केली का?”

मग त्यांची वरवट बकालला बदली झाली. शेजारच्या घरात आता दुसरे भाडेकरू आहेत.

गेल्या महिन्यात भाचीला घेऊन मी बुलढाण्याच्या त्याच दवाखान्यात गेले होते. बाकावर शेजारी एक तरुण जोडपं होतं, सोबत मुलाची आई. वरवट बकालचे म्हणाले. मी लाईनमनभाऊंचं विचारलं.

“त्याईनंच पाठवलं आमाले,” पोरगा म्हणाला.

तेवढ्यात नर्सने दार उघडून विचारलं, “पेशंट कोण?”

सासूने सुनेला कोपर लावलं. ती उठू लागली. पोराने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला बसवलं.

“पेशंट मी हाय,” तो म्हणाला. सगळा हॉल पाहत होता. त्याने दाराशी चपला काढल्या आणि तो आत गेला.