बस्त्यावच्या पाळीचं पाणी

त्या सकाळी पंप सुरू झाला नाही. मी वाडीच्या टोकाला कुदळ घेऊन उभा, पाट कोरडा. म्हटलं वीज गेली असेल. एवढ्यात केळींमधून बस्त्यावची सून अनवाणी येताना दिसली. "इनासबाबा, बाबा गेले," एवढंच म्हणाली. आणि मी तिला विचारलं, "मग पंप कोण लावणार?" पोर माझ्याकडे बघतच राहिली. तिला वाटलं असेल, म्हातारा दगडाचा आहे. वाटू दे. मी असं का विचारलं ते मलाच ठाऊक होतं. सांगायला पाच आठवडे लागले, कारण त्यात माझी एक चूक आहे आणि चूक कबूल करायची मला सवय नाही.

गिरीज गावात बस्त्यावची आणि माझी वाडी लागून. मधे एकच बावखल, म्हणजे वाडीतलं तळं. आमच्या आज्यांच्या वेळेपासून त्याचं पाणी सामाईक. एक दिवस त्याच्या वाडीचं शिंपण, एक दिवस माझ्या, पण माणसं दोन्ही दिवस हीच. बस्त्याव पंपापाशी, मी पार दुसऱ्या टोकाला, एका आळ्यातलं पाणी दुसऱ्या आळ्यात फिरवायला. मधे केळी एवढ्या दाट की एकमेकांचं तोंड दिसत नसे. मग आळं भरल्याचं कळायचं कसं? तर बस्त्याव कविता म्हणायचा. स्वतःच्या. एकेक कडवं चार चारदा घोळवायचा, आणि चौथ्यांदा शेवटचा शब्द खाली टेकवला की माझं आळं काठोकाठ. मी कुदळीनं पाट फोडून पाणी पुढं सोडायचो. कविता संपली की तो मोटार बंद करायचा. चाळीस वर्षं असं चाललं. मनगटावर घड्याळ बांधणारे लोक आम्हाला हसायचे. मी म्हणायचो, तुमच्या घड्याळाला सेल लागतो, माझ्याला लागत नाही.

तो सातवी शिकलेला, मी चौथी. कविता त्यानं कागदावर उतरवल्या नाहीत. पुस्तक काढ म्हणून लोक मागं लागले, तेव्हा म्हणाला, "माझं पुस्तक इनास वाचतो, कुदळीनं." त्याच्या कवितेत मोठाले शब्द नसत. पानवेल, पाट, चिखल, आणि त्यातच कुठंतरी देव. एक मला अजून येते:

पाणी प्यायला वाकलो खाली
पाण्यातल्यानं आधी मला प्यालं

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी ओरडलो, "अरे बस्त्या, मग तू तहानलेलाच राहिलास की!" केळींपलीकडून उत्तर आलं, "तेच तर सांगतोय, गाढवा!"

आता एक गोष्ट, जी मी त्याला कधीच सांगितली नाही. माझ्या डोक्यात दिवसभर भांडण चालतं. कुणाशी ना कुणाशी. भावाशी, बांधावरच्या शेजाऱ्याशी, मेलेल्या बापाशीसुद्धा. चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला बसलो, गुडघे टेकले, तरी आत माझा वाद चालूच. पण बस्त्यावचं कडवं संपलं की पुढचं सुरू होईपर्यंत जी फट असायची ना... तेवढ्यात ते भांडण थांबायचं. पाट वाजतोय, केळीचं पान हलतंय, आणि मी नुसता आहे. कुदळ हातात, डोकं रिकामं. तसं मला देवळातही कधी झालं नाही. हे त्याला सांगितलं असतं तर तो चढून बसेल असं वाटायचं. म्हणून नाही सांगितलं.

एकदा फादरांनी त्याला चर्चच्या सभागृहात कविता म्हणायला लावल्या. टाळ्या काय, हार काय! मी पहिल्या रांगेत, जणू कविता मीच केल्या. पण दुसऱ्या दिवशी पंपापाशी हा तोंड पाडून बसलेला. म्हणाला, "टाळ्यांनी सगळं ढवळलं रे. देवाला हाक मारायला म्हणून कविता करायला लागलो. तो कधी ओ देत असेल, तर तेव्हा माझीच बडबड चालू असणार." त्यानंतर तो कुठल्याच कार्यक्रमाला गेला नाही. पाण्याच्या वेळच्या कविताही आखूड होत गेल्या. चार कडव्यांची दोन, दोनाचं एक. मग मधल्या फटी लांबायला लागल्या. मी कुरकुर करत पाणी अंदाजानं फिरवायचो.

चार वर्षांपूर्वी माझ्या नव्या पानवेलींच्या वाफ्यात पाणी होतं. त्यानं पहिली ओळ म्हटली, दुसरी अर्धी म्हटली... आणि गप्प. मी थांबलो. तो पुढचं म्हणेना. मग पायाला गार लागलं म्हणून खाली बघितलं तर पाणी वरंबा फोडून सगळ्या वाफ्यावर पसरलेलं, कोवळ्या वेली चिखलात आडव्या. मी धावलो. पहिलं मनात आलं, हा बावखलात पडला. तर हा पंपाजवळच्या दगडावर उभा, डोळे उघडे, पाण्याकडे बघतोय. चेहरा असा की शिवी तोंडातच अडली. पण मी ती सोडवून घेतली.

"पुढचं आलंच नाही, इनास," तो म्हणाला.

"नाही आलं तर मागचं म्हणायचं! नाहीतर मोटार बंद करायची! माझ्या वेली कुजणार आता."

"शब्द नव्हते. पण रिकामं नव्हतं रे ते. मी ऐकत होतो."

"तू ऐकत बस. मी बुडालो."

वेली कुजल्या. मी नातीकडून मोबाईलमध्ये गजर लावून घेतला आणि बस्त्यावला कळवलं, आता तुझी गरज नाही, फक्त बटण दाब. एवढ्यावर थांबलो नाही. रविवारी मिस्सेनंतर क्रुसापाशी चार माणसांत म्हणालो, "बस्त्याव आटला. झरा संपला त्याचा." तो मागंच उभा होता. हसला आणि म्हणाला, "आटलो नाही, इनास. निवळतोय." लोक हसले. मी नाही हसलो. त्यानंतर चार वर्षं आम्ही पाण्यापुरतं बोललो. तो मात्र रोज त्या दगडावर उभा राहायचा, एक शब्द न काढता, आणि गजर वाजून मी हाक मारली की मोटार बंद करायचा. फिलूबाय, त्याची बायको, एकदा मला म्हणाली, "तुमचे मित्र आता घरात नुसते बसलेले असतात. पण इनासभाऊ, ते बसलेत म्हटल्यावर मलाही ओरडावंसं वाटत नाही." मी म्हणालो, तुझं नशीब.

शेवटच्या आठवड्यात भेटायला गेलो. अंथरुणावर होता, पंपापुरता सुनेला धरून उठायचा, हात केळीच्या सोपटासारखा हलका. मग त्यानं विचारलं, "त्या दिवशी मी गप्प झालो, तेव्हा तुला तिकडं काही ऐकू आलं का?" त्याला ते खरंच हवं होतं. उशीवरून मान उचलून विचारलं त्यानं. कविता ज्या जागी घेऊन गेल्या तिथं आपण एकटेच पोचलो की आणखी कुणी, एवढंच त्याला बघायचं होतं. आणि मी म्हणालो, "पाणी ऐकू आलं. माझ्या वेलींवरून जाणारं." त्यानं डोळे मिटले. म्हणाला, "बरं."

आता खरं लिहितो. पन्नास वर्षं पाणी फिरवणाऱ्या माणसाला आळं भरलेलं डोळ्यांनी दिसत नाही का? मला कडव्याची गरज केव्हाच संपली होती. त्या दिवशी तो गप्प झाला आणि माझ्या डोक्यातलं भांडणही गप्प झालं, आजवर कधी झालं नव्हतं इतकं. पाणी चढताना मी बघत होतो. दिसत होतं आणि कुदळ उचलावीशी वाटत नव्हती. पाय गार पडले तेव्हा मी परत आलो, आणि परत आल्याचाच राग आला. वेली आम्ही दोघांनी बुडवल्या. बोल मी त्याच्या एकट्यावर लावला. ऐकू आलं होतं, बस्त्याव. तू ऐकत होतास तेच.

बस्त्याव गेल्याच्या महिन्याच्या मिस्सेनंतर मी फिलूबायला म्हणालो, यापुढं पंप मी लावणार. पहिल्या दिवशी मोबाईल मुद्दाम घरी ठेवला. बस्त्यावच्या दगडावर उभा राहिलो. दगड मधे थोडा खोलगट झालाय, त्याच्या पायांनी. पाय बरोबर बसले. मोटार घरघरली, पाणी पाटातून केळींमागं गेलं. तिकडं नात कुदळ घेऊन उभी होती. थोड्या वेळानं तिनं हाक मारली, "आजोबा, भरलं!" मी ओ दिली नाही. पुन्हा ओरडली, "आजोबा, वाहतंय!"

वाहू दिलं.