उत्तराची वाट पाहणारे आबा

देवरे आबा जळगावच्या फौजदारी कोर्टात पोलीस प्रॉसिक्युटर होते. नवऱ्याने बायकोला मारल्याचा खटला असला, की त्यांचे काम एकाच वाक्याने सुरू होई, "आधी माणसं चहाला पाठवा." माणसे म्हणजे सासरची, आणि माहेरचीही. बोदवडकडचा एक बाप त्यावर रागावला होता. "साहेब, मी तिना बाप शे." आबा शांतपणे म्हणाले, "म्हणूनच, भाऊ. तुम्ही दोन कप घ्या."

मग कोर्टामागच्या कडुनिंबाखाली ते त्या बाईला बसवीत आणि स्वतः जवळजवळ पाठ फिरवून चष्मा पुसत राहत. एरवी शुद्ध बोलणारा हा माणूस तिथे आपल्या गावची बोली बोले. "आते आठे कोनी नही, माय. तुले सासरे जावानं शे का नही, तू सांग." एवढे विचारून ते गप्प बसत. कधी अर्धा तास जाई. मी त्यांचा नवखा सहायक. पुकारा होईल म्हणून माझी चुळबुळ चाले. ते म्हणत, "वकीलसाहेब, लगेच आलेलं उत्तर तिचं नसतं. थांबा."

स्वातंत्र्यानंतरची ती पहिली वर्षे. कायद्याची कलमे मला तोंडपाठ होती, आणि आबांची ही रीत मला, खरे सांगायचे तर, थोडी हास्यास्पद वाटे.

चोपडा तालुक्यातल्या कौतिकबाईचा डावा हात नवऱ्याने कुऱ्हाडीच्या दांड्याने मोडला होता. पहिल्या तारखेला आबा तिच्याशी बोलले, आणि तिने सासरी जायला नकार दिला. दुसऱ्या तारखेला आबा एका खटल्यासाठी धुळ्याला गेले होते. त्या दिवशी तिचा बाप, सासरा आणि गावचे दोन पंच तडजोडीचा अर्ज घेऊन माझ्यापुढे आले. पंचांनी जावयाला देवळात शपथ घ्यायला लावली होती. बापाने लेकीला नवे लुगडे नेसवून आणले होते. एक खटला निकाली निघतो आहे, याचे मला समाधान वाटले.

मी तिला विचारले, "बाई, तडजोड मान्य आहे?" बाप तिच्या खांद्याशी उभा होता. "सांग ना माय, साहेब इचारी राह्यनात."

"बाप म्हनस तसं," ती म्हणाली.

मी 'राजीखुशीने' असे लिहिले. प्लास्टरमधून बाहेर आलेला तिचा अंगठा मीच शाईवर टेकवला. न्यायाधीशांनी अर्ज मंजूर केला.

पावसाळा संपता संपता तिच्या मृत्यूचे कागद आमच्याकडे आले. सासरच्या विहिरीत सापडली होती. आबांनी ते दोनदा वाचले आणि मला विचारले, "तुम्ही विचारलंत तेव्हा जवळ कोण होतं?"

"तिचा बाप."

"हं," ते म्हणाले. पुढे वर्षभर आम्ही एका टेबलाशी बसलो, पण त्यांनी मला कधी दोष दिला नाही. त्यांनी रागावावे असे मला फार वाटे.

निवृत्त होऊन ते धुळ्याला राहायला गेले. शेवटच्या आजारात मी भेटायला गेलो, तेव्हा त्यांना बोलताना धाप लागत होती. तरी त्यांनी तिचेच नाव काढले. "कौतिक त्या दिवशी काहीच बोलली नाही का हो? माझ्यापाशी तर स्पष्ट बोलली होती."

"नाही, आबा."

त्यांनी डोळे मिटले. "मग मीच तिला नीट धीर दिला नसेल."

महिन्याभरात ते गेले.

ती बोलली होती. पंचांनी हाक मारली म्हणून बाप क्षणभर दारापाशी गेला, तेव्हा तिने खालच्या आवाजात मला विचारले होते, "आबा कव्हय येतीन?" चार दिवसांनी, असे मी म्हणालो, आणि अर्ज तिच्यापुढे सरकवला.